इंग्रजीच्या वहीतली मराठी

'लास्ट इयर आय हॅड गॉन टु नाशिक.' मराठी माध्यमाच्या आठवीच्या वर्गात 'माझी सहल' या विषयावर इंग्रजी निबंध लिहायला सांगा, हे वाक्य एका तरी वहीत हमखास सापडेल. बाई 'हॅड गॉन'भोवती लाल गोल काढतात आणि वर 'वेन्ट' लिहितात. मुलगा मुकाट्याने दुरुस्ती करतो आणि पुढच्या निबंधात 'माय अंकल हॅड कम' लिहून मोकळा होतो. बाई वैतागतात, पालक शिकवणी लावतात, शिकवणीचे सर काळांचा तक्ता पुन्हा एकदा घोकून घेतात. तक्ता पाठ होतो, 'हॅड' काही जात नाही.

जाणार कसा? 'मागच्या वर्षी मी नाशिकला गेलो होतो' हेच तर आपलं सरळ मराठी वाक्य आहे. नुसतं 'गेलो' म्हटलं की ऐकणारा 'मग काय झालं?' म्हणून वाट बघत बसतो. 'गेलो होतो' म्हटलं की गेलो, आलो, विषय मिटला. पूर्वी घडून संपलेल्या गोष्टीला मराठी बिनदिक्कत 'होतो' जोडते, त्यासाठी दुसरी घटना शेजारी असावी लागत नाही. इंग्रजीतलं 'हॅड' मात्र भूतकाळातल्या दोन घटनांपैकी आधीची कोणती, हे दाखवायला येतं. त्यातून आणखी गंमत अशी, की मराठीच्या तासाला 'गेलो होतो'ला पूर्ण भूतकाळ म्हणतात आणि इंग्रजीच्या तासाला 'हॅड गॉन'लाही पूर्ण भूतकाळच म्हणतात. एकाच नावाची दोन माणसं असली की टपाल चुकीच्या घरी जायचंच.

अशा वेळी बरोबर उत्तर सांगून भागत नाही. मुलाच्या हातात एखादा प्रश्न द्यावा लागतो, जो तो पुढच्या वेळी स्वतःला विचारू शकेल. 'हॅड'साठी तो प्रश्न तीन शब्दांचा आहे: 'हे कशाच्या आधी?'

आमच्या शेजारची आठवीतली मुलगी वही घेऊन आली, तेव्हा संवाद साधारण असा झाला.

"काका, इथे हॅड का नको?"

"तू नाशिकला गेलीस ते कशाच्या आधी?"

"कशाच्या आधी म्हणजे? दिवाळीच्या सुट्टीत."

"हे कधी ते झालं. कशाच्या आधी ते सांग."

ती जरा घुटमळली. "कशाच्याच नाही."

"मग हॅड कशाला हवा?"

तिने खोडरबर घेतलं. खाली दोन ओळींवर तिनेच लिहिलं होतं, की आम्ही त्र्यंबकेश्वरला पोचलो तेव्हा दर्शनाची रांग बंद झाली होती. तिथेही 'हॅड क्लोज्ड' होतं आणि तेही खोडायला तिचा हात पुढे गेला. "थांब, हे कशाच्या आधी?" "आम्ही पोचायच्या आधी." मग खोडरबर आपोआप बाजूला पडलं. त्या पानावरचे बाकीचे 'हॅड' तिने एकटीनेच तपासले.

चुकांकडे या नजरेने पाहायची सवय भाषाशिक्षणाच्या अभ्यासात तशी अलीकडची. 1967 साली ब्रिटिश भाषाशास्त्रज्ञ पिट कॉर्डर यांनी एक लेख लिहून मांडलं, की शिकणाऱ्याची चूक ही त्याच्या डोक्यात या घडीला कोणता नियम चालू आहे, याचा पुरावा असते. पाच वर्षांनी लॅरी सेलिंकर यांनी त्या मधल्या अवस्थेला नावच दिलं, 'इंटरलँग्वेज'. पूर्ण मराठी नाही, पूर्ण इंग्रजीही नाही, पण स्वतःचे नियम असलेली अशी ही मधली भाषा. आपल्याकडे घरोघरी ती बोलली जाते, फक्त तिला 'कच्चं इंग्रजी' म्हणायची पद्धत आहे.

या मधल्या भाषेचे नियम किती तर्कशुद्ध असतात, हे पाहायचं असेल तर क्रियापदाला लागणारा 'एस' बघा. 'द बॉय प्ले, द बॉइज प्लेज.' मुलाला पहिलीपासून शिकवलंय की अनेकवचनाला 'एस' लागतो. मराठीत 'मुलगा खेळतो, मुलगे खेळतात', म्हणजे अनेकवचनाची खूण नामावरही दिसते आणि क्रियापदावरही. मग 'बॉइज'ला एस लागला तर 'प्ले'लाही लागायला हवा, हे अनुमान अगदी बिनतोड आहे. इंग्रजी भाषा इथे उलटी चालते, हा काही मुलाचा दोष म्हणता येणार नाही.

या 'एस'बद्दल पालकांनी थोडं सबुरीनं घ्यावं असं माझं स्पष्ट मत आहे, आणि त्याला आधारही आहे. 1970च्या दशकात हायडी ड्युले आणि मरीना बर्ट या संशोधिकांनी अमेरिकेत इंग्रजी शिकणाऱ्या, घरी स्पॅनिश किंवा चिनी बोलणाऱ्या मुलांचा अभ्यास केला. घरची भाषा वेगळी असूनही व्याकरणाचे बारकावे आत्मसात होण्याचा क्रम पुष्कळसा सारखा निघाला. क्रियापदाला लागणारा 'आयएनजी' लवकर येतो, तृतीयपुरुषी एकवचनाचा 'एस' बऱ्याच उशिरा. या क्रमावर नंतर वादही झडले, पण 'एस' रेंगाळतो हे बहुतेकांनी मान्य केलं. नियम म्हणून तो पाचवीतल्या मुलाला पाच मिनिटांत समजतो. बोलताना, लिहिताना आपसूक यायला मात्र वर्षं लागतात, आणि ती वाचण्या-ऐकण्यात घालवावी लागतात. गाळलेल्या जागांत शंभर टक्के बरोबर आणि निबंधात शंभर टक्के गायब, असा हा प्रकार असतो. पोरगं आळशी आहे असा निष्कर्ष काढायची घाई करू नये.

'अ', 'ॲन' आणि 'द' यांच्या बाबतीत शिकवण्याची पद्धतच मला उलटी वाटते. सगळा जोर 'अ की ॲन' यावर. 'ॲन अवर' का, 'अ युनिव्हर्सिटी' का, यावर तासच्या तास. ती खरं तर उच्चाराची किरकोळ सोय आहे आणि तिथे चुकलं तरी अर्थाला धक्का लागत नाही. अर्थ बदलतो तो 'अ' आणि 'द' यांच्यातल्या निवडीने, आणि तिथे मुलाला सांगितलं जातं, 'मराठीत हे नसतंच, त्यामुळे पाठ करायचं.' सूर्य, चंद्र, गंगा, हिमालय, सगळ्यांना 'द'. मग शेक्सपिअरला का नाही, तर 'अपवाद'. आणि कालिदासाला शेक्सपिअर म्हटलं की पुन्हा 'द', तो अपवादाचा अपवाद.

मराठीत तसे स्वतंत्र शब्द नाहीत हे खरं, पण तो भेद मराठीला कळत नाही हे खोटं. जोशीकाका काल पुण्याला 'मुलगी बघायला' गेले होते, असं कुणी सांगितलं तर घरात लग्नाचा विषय निघाला आहे हे आपण ओळखतो. ते 'मुलीला बघायला' गेले होते असं म्हटलं, तर त्यांची स्वतःची मुलगी पुण्यात असते, कदाचित बरं नसेल तिला, असं मनात येतं. एका 'ला'ने केवढा फरक पडला! पहिल्या वाक्यातली मुलगी कोण, ते ऐकणाऱ्याला ठाऊक नाही. दुसऱ्यातली ठाऊक आहे. इंग्रजीत पहिलीला 'अ' लागेल, दुसरीला 'द' किंवा 'हिज'. 'मी कुत्रा पाहिला' आणि 'मी कुत्र्याला पाहिलं' यांतही तेच. हा 'ला' सगळीकडे चालत नाही, मुख्यतः सजीवांपुरताच चालतो, पण मुलाला जी शंका सतावते तिचं उत्तर त्याच्याच भाषेत आधीपासून आहे, हे दाखवायला तेवढा पुरतो. त्यानंतर प्रश्न एवढाच उरतो: समोरच्याला माहीत आहे का, मी कुठल्याबद्दल बोलतोय? माहीत असेल तर 'द'. सूर्याला 'द' लागतो तोही याच न्यायाने, 'कुठला सूर्य?' असं कुणी विचारत नाही म्हणून. गंगा-हिमालयांसारखी नावं मग खुशाल पाठ करावीत, नावांचे रिवाज कुठल्याही भाषेत पाठच करावे लागतात.

शब्दयोगी अव्ययांचा घोळ याच जातीचा. 'च्याबद्दल' चर्चा करतो म्हणून 'डिस्कस अबाउट', 'च्याशी' लग्न लागतं म्हणून 'मॅरिड विथ', घरी पोचतो म्हणून 'रीच्ड टु होम'. टेबलावर, डोक्यावर आणि गच्चीवर या सगळ्यांना आपला एकच 'वर' पुरतो. इंग्रजीला त्यासाठी 'ऑन', 'अबव्ह' आणि 'ओव्हर' असे तिघे लागतात. इथे मूळ शोधून फार उपयोग नाही. क्रियापद आणि त्याचं अव्यय ही जोडी एकदमच लिहून ठेवावी, बास.

'डायरेक्ट-इनडायरेक्ट' मात्र सविस्तर बोलण्यासारखं आहे, कारण दहावीपर्यंत मुलं त्याला गणितासारखं घाबरतात. 'नाउ'चं 'देन', 'धिस'चं 'दॅट', 'टुमॉरो'चं 'द नेक्स्ट डे' असा तक्ता वहीच्या मागच्या पानावर असतो. आणि तरी मुलगा लिहितो, 'राहुल सेड दॅट आय ॲम कमिंग.' कारण मराठीत आपण म्हणतो, 'राहुल म्हणाला की मी येतोय.' या वाक्यातला 'मी' राहुल आहे, यात कुणाही मराठी माणसाची गल्लत होत नाही. 'की' आला की पुढचं बोलणं त्या माणसाच्या तोंडचं, जसंच्या तसं. इंग्रजीत 'दॅट'नंतर बोलण्याचा ताबा सांगणाऱ्याकडे जातो, तिथला 'आय' म्हणजे निरोप सांगणारा. मुलाला तक्त्याआधी हे दाखवलं, की निरोप आता मी सांगतोय, माझ्या जागेवरून आणि माझ्या वेळेवरून, तर निम्मा तक्ता तो स्वतःच तयार करतो. तक्ता कुठे लागू पडत नाही हेही त्याला कळतं. राहुल आज सकाळी म्हणाला 'उद्या येतो' आणि मी आज संध्याकाळीच ते तुम्हाला सांगितलं, तर 'टुमॉरो' हा 'टुमॉरो'च राहतो. परीक्षेत तसं लिहिलं तर गुण जातील, हेही त्याला प्रामाणिकपणे सांगावं.

परीक्षेचं निघालंच आहे म्हणून. 'डू ॲज डिरेक्टेड' या मथळ्याखाली आपली मुलं वर्षानुवर्षं वाक्यांना कोलांट्या उड्या मारायला लावतात. 'टू' काढा, 'नो सूनर दॅन' घाला, 'नॉट ओन्ली बट ऑल्सो' वापरा, क्वेश्चन टॅग जोडा. यात गुण मिळतात, सराव केला तर पैकीच्या पैकी मिळतात. पण 'टू' काढून 'सो दॅट' लावण्यात तरबेज झालेली मुलगी आंब्याचं कौतुक करताना 'द मँगो इज टू स्वीट' लिहिते, तेव्हा 'टू' म्हणजे 'जास्तच' आणि त्या 'जास्तच'मध्ये थोडी तक्रार असते, हे तिला कुणी सांगितलेलंच नसतं. मराठीत 'आंबा खूप गोड आहे' आणि 'आंबा जास्तच गोड आहे' यांत ती कधी चुकणार नाही.

मराठी वाक्यापासून इंग्रजीकडे जायची वाट आपल्याकडे नवी नाही. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर महाराष्ट्राच्या कितीतरी पिढ्या इंग्रजी शिकल्या. तिची चेष्टाही पुष्कळ झाली, कारण तीतली वाक्यं तुटक आणि संदर्भाविना असत. तरी शिकणारा मराठी आहे हे ती विसरत नव्हती. तिच्यानंतर घरोघरी आलं ते 'रेन अँड मार्टिन', 1930च्या दशकातलं. यातले पी. सी. रेन म्हणजे फ्रेंच फॉरिन लीजनवरच्या 'बो जेस्ट' या 1924च्या गाजलेल्या कादंबरीचे लेखक, आणि त्याआधी मुंबई इलाख्याच्या शिक्षणखात्यात नोकरी केलेले गृहस्थ. हे व्याकरण मुळात भारतातल्या ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या मुलांसाठी होतं असं सांगितलं जातं. पुस्तक चाळलं की ते पटतं. इंग्रजी ज्याला आधीच येतं, त्याला त्यातल्या भागांची नावं शिकवणारं ते पुस्तक आहे. व्यवस्था उत्तम, उदाहरणं भरपूर. पण 'मी नाशिकला गेलो होतो' म्हणणाऱ्या मुलाच्या अडचणीची त्यात दखल नाही, आणि ती असण्याचं कारणही नव्हतं.

महाराष्ट्रात 2000 सालापासून मराठी शाळांत इंग्रजी पहिलीपासून सुरू झालं. आज ज्यांची मुलं आठवी-दहावीत आहेत अशा बऱ्याच आईवडिलांचं स्वतःचं इंग्रजी पाचवीपासूनचं. त्यामुळे 'मला कुठे तेवढं येतं' म्हणून ते मुलाच्या वहीपासून लांब राहतात. वर जे प्रश्न सांगितले त्यांतला एकही विचारायला फर्डं इंग्रजी लागत नाही, चांगलं मराठी मात्र लागतं.

आता शब्दांकडे येऊ. वहीचं एक पान: डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे मराठी अर्थ. 'अर्न' म्हणजे मिळवणे, 'गेन' म्हणजे मिळवणे, 'ऑब्टेन' म्हणजे मिळवणे, 'अचीव्ह' म्हणजे मिळवणे. रोज दहा शब्द या हिशेबाने पाठ झाले की मुलगा एक दिवस 'वुई ऑब्टेन्ड द मॅच' लिहितो. वहीप्रमाणे ते चूक नाही. शब्दाच्या शेजारी अर्थापेक्षाही त्याचे सोबती लिहायला हवेत. पैसे आणि आदर 'अर्न' करतात, वजन आणि अनुभव 'गेन' करतात, दाखला आणि परवानगी 'ऑब्टेन' करतात, ध्येय 'अचीव्ह' करतात. सामना 'विन' करतात.

मुलाला हे जाचक वाटत असेल तर त्याला उलटा अभ्यास द्यावा. एखाद्या परदेशी पाहुण्याला मराठीतलं 'लागणे' समजावून सांग म्हणावं. भूक लागते, ठेच लागते, आग लागते, नोकरी लागते, वेड लागतं, वेळ लागतो, लग्न लागतं, भात खाली लागतो आणि एखादा माणूस आपला कोणी लागतो. मुलं हसत सुटतात आणि मग विचारात पडतात, कारण हे सगळं त्यांना कुणी शिकवलेलं नसतं आणि एकही चुकत नाही. इंग्रजीतलं 'गेट' किंवा 'टेक' असंच आहे हे त्यानंतर वेगळं सांगावं लागत नाही.

शिकणाऱ्याची ही अडचण ओळखून कोश करणारी माणसं होऊन गेली, आणि त्यांचं काम आशियाशी बांधलेलं आहे. ए. एस. हॉर्नबी जपानमध्ये इंग्रजी शिकवत. तिथल्या विद्यार्थ्यांना अर्थापेक्षा वाक्यात शब्द बसवताना अडतं, हे त्यांच्या लक्षात आलं आणि क्रियापद कोणत्या रचनेत येतं ते दाखवणारा कोश त्यांनी सहकाऱ्यांबरोबर केला. तो 1942 मध्ये टोकियोत निघाला, 1948 मध्ये ऑक्सफर्डने घेतला, आणि आज 'ऑक्सफर्ड ॲडव्हान्स्ड लर्नर्स' म्हणून आपण विकत आणतो तो त्याचाच वंशज. मायकल वेस्ट ढाक्याला शिक्षकांच्या प्रशिक्षण महाविद्यालयात होते. बंगालमधल्या मुलांना मोजक्या, वारंवार लागणाऱ्या शब्दांतून आधी वाचायला शिकवावं असा त्यांचा आग्रह. 1953 साली त्यांची सुमारे 2000 शब्दांची यादी प्रसिद्ध झाली आणि पुढे कितीतरी वाचनमाला तिच्यावर उभ्या राहिल्या. लाँगमनने 1978 मध्ये कोश काढला, तोही सगळे अर्थ सुमारे 2000 सोप्या शब्दांत सांगण्याची अट घालून. इंग्रजी-मराठी कोश जरूर हाताशी असावा, पण आठवीनंतर असा एक इंग्रजी-इंग्रजी कोशही असावा, आणि तो उघडताना अर्थावर न थांबता खालचं तिरप्या अक्षरातलं उदाहरण वाचायची सवय लावावी.

न अडखळता वाचायचं तर मजकुरातले किती शब्द आधी माहीत असावे लागतात? पॉल नेशन आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या अभ्यासातून पुढे आलेला आकडा 98 टक्क्यांच्या आसपासचा आहे. म्हणजे पन्नास शब्दांत एखादाच अनोळखी. अडीचशे शब्दांच्या पानावर पाच. पाठ्यपुस्तकातला धडा बहुतेक मुलांसाठी याच्या कितीतरी पलीकडचा असतो, तिथे ओळीओळीला ठेच लागते. तो धडा करावाच लागतो, पण त्याला वाचन म्हणू नये. घरी वाचायला द्यायचं पुस्तक दोन इयत्ता खालचं असलं तरी बिघडत नाही. 'एवढा घोडा झालास आणि बाळबोध गोष्टी वाचतोस?' हे वाक्य आजोबांनी गिळून टाकावं.

थोडं भारतीय इंग्रजीविषयी. आपण परीक्षा 'देतो', म्हणून 'आय गेव्ह द एक्झॅम'. बाहेर परीक्षा 'टेक' करतात आणि 'गिव्ह' करतो तो शिक्षक. 'आय पास्ड आउट इन 2015' असं परदेशातल्या मुलाखतीत सांगितलं तर समोरचा तुमच्या प्रकृतीची चौकशी करेल, कारण तिकडे त्याचा पहिला अर्थ चक्कर येऊन पडणं. पण या शब्दांना चूक म्हणून हाणून पाडावं असं मला वाटत नाही. 'प्रीपोन' हा आपल्याकडे रुळलेला शब्द ऑक्सफर्डच्या कोशात जाऊन बसला आहे. कुठे काय चालतं एवढं मुलाला सांगितलं की झालं.

साहित्याच्या प्रश्नांत मदत करणं सगळ्यांत सोपं वाटतं, कारण गाइड असतं. आता फोनही असतो. विचारायची खोटी, की मध्यवर्ती कल्पना, अलंकार, यमकयोजना सगळं तयार. या तयार मालाचा तोटा कसा होतो ते एका कवितेवर दाखवतो. रॉबर्ट फ्रॉस्ट यांची 'द रोड नॉट टेकन' सीबीएसईच्या नववीच्या पुस्तकात वर्षानुवर्षं होती आणि प्रेरणादायी भाषणांत तर ती कायमच असते. रानात दोन वाटा फुटतात, प्रवासी त्यांतली एक धरतो. तयार उत्तर असं: कवीने कमी लोक गेलेली वाट धाडसाने निवडली आणि त्यामुळे त्याचं आयुष्य बदललं, म्हणून आपणही वेगळी वाट निवडावी.

मुलाला गाइड मिटायला सांगावं आणि मधली दोन कडवी सावकाश वाचायला लावावीत. दुसरी वाट जरा अधिक गवताळ आहे असं म्हणता म्हणता प्रवासी लगेच कबूल करतो, की खरं पाहता दोन्ही वाटा सारख्याच वापरातल्या होत्या. तिसऱ्या कडव्यात तर त्या सकाळी दोन्हींवर सारखीच पानं पडलेली, आणि कुणाचं पाऊल उमटलेलं नाही. मग कमी वापरलेली वाट आली कुठून? ती येते शेवटच्या कडव्यात. आणि इथे मुलाला फक्त क्रियापदाचा काळ ओळखायला सांगावं. भविष्यकाळ! पुढे खूप वर्षांनी, एक सुस्कारा सोडून, मी हे असं सांगत असेन, असं तो म्हणतो. म्हणजे 'मी वेगळी वाट धरली आणि त्यानेच सगळा फरक पडला' ही तेव्हा सांगायची गोष्ट आहे, आणि ती जे घडलं त्याच्याशी जुळत नाही, हे त्याला आजच ठाऊक आहे. नावही पाहावं. ते न घेतलेल्या वाटेचं आहे, घेतलेल्या वाटेचं नाही. तरी लोक या कवितेला सर्रास 'द रोड लेस ट्रॅव्हल्ड' म्हणतात, आणि त्या नावाचं स्कॉट पेक यांचं 1978चं पुस्तक वेगळंच आहे.

इतकं झाल्यावर पार्श्वभूमी सांगितली तर ती मुलाला चिकटते. आधी सांगितली तर नुसतं सामान्यज्ञान होतं. 1914 साली फ्रॉस्ट इंग्लंडमध्ये ग्लॉस्टरशायरला राहत. मित्र एडवर्ड थॉमस यांच्याबरोबर ते लांब फिरायला जात. कुठलीही वाट धरली तरी दुसरीकडे गेलो असतो तर काहीतरी छान दाखवता आलं असतं, अशी हळहळ थॉमस करत राहायचे. या स्वभावाची थट्टा हे कवितेचं मूळ. ती 1915च्या ऑगस्टमध्ये 'अटलांटिक मंथली'त छापली गेली. थॉमस त्याच वर्षी सैन्यात दाखल झाले आणि एप्रिल 1917 मध्ये अरासच्या लढाईत मारले गेले. थट्टा म्हणून लिहिलेल्या कवितेवर त्यामुळे एक वेगळी छाया पडते, पण ती परीक्षेच्या उत्तरात आणायची गरज नाही.

परीक्षेच्या उत्तराचं काय, हा प्रश्न मुलं लगेच विचारतातच, आणि तो रास्त आहे. महाराष्ट्र बोर्डाच्या दहावीला कवितेचं रसग्रहण ठरलेल्या मुद्द्यांवर लिहायचं असतं: शीर्षक, कवी, यमकयोजना, अलंकार, मध्यवर्ती कल्पना. त्यांतले पहिले चार बिनचूक लिहिले की ते गुण कुणी कापत नाही. या कवितेत पाच-पाच ओळींची चार कडवी आहेत आणि यमक 'एबीएएबी' असं चालतं, ते बोटावर मोजून पडताळता येतं. मध्यवर्ती कल्पनेला परीक्षकाला गाइडमधलं धाडस हवं असेल, तर 'अनेक वाचक ही कविता वेगळी वाट निवडण्याच्या धाडसाची मानतात' असं पहिलं वाक्य लिहावं. दुसऱ्या वाक्यात दुसऱ्या-तिसऱ्या कडव्यातल्या सारख्या वाटा आणाव्यात, तिसऱ्यात शेवटच्या कडव्याचा भविष्यकाळ. चार ओळींत सगळं बसतं, आणि कडव्याचा क्रमांक दिलेला असला की परीक्षकालाही ते पुस्तकाशी ताडून पाहता येतं.